पदवीनंतरची उमेदवारी



२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करण्यासाठी विशाखापट्टणमला राहिलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. निकालात न्यायालयाने देशभरच्या शिक्षणसंस्थांना पंधरा सूचना घालून दिल्या आणि कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक राहतील असे सांगितले. त्यातली एक सूचना अशी की, ज्या संस्थेत शंभर किंवा अधिक विद्यार्थी आहेत, तिथे निदान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमला पाहिजे. आणि मुलांच्या व तरुणांच्या मानसिक आरोग्याचे शिक्षण त्याने घेतलेले आहे हे दाखवता आले पाहिजे. शंभरापेक्षा कमी विद्यार्थी असतील तर बाहेरच्या जाणत्या माणसाशी कायमचा संबंध ठेवायचा.

आता शंभर ही काही मोठी संख्या नव्हे. करमाळ्याच्या किंवा सांगोल्याच्या कॉलेजात एकेका वर्गाच्या हजेरीपटावर तेवढी नावे निघतात. आपल्या सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाला शंभराहून अधिक महाविद्यालये जोडलेली आहेत. म्हणजे एका जिल्ह्यात तेवढ्या खुर्च्या मांडाव्या लागणार. खुर्ची मांडणे सोपे, बाजारात मिळते. तिच्यावर बसणारा माणूस कसा तयार होतो, याबद्दल मला आज थोडे सांगायचे आहे.

हा विषय शहरातल्या लोकांचा, असे कोणी समजू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यवार पाहिले तर सर्वांत अधिक संख्या महाराष्ट्राची होती. आकडा ऐकला की आपण हळहळतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. पण ही मुले एस. टी.चा पास काढून रोज आपल्यासमोरून जाणाऱ्या मुलांपैकीच असतात.

समुपदेशक काय करतो? या शब्दातच ‘उपदेश’ बसला आहे आणि त्यामुळे मोठा घोटाळा होतो. आई उपदेश करते, मामा करतात, आम्ही प्राध्यापक तर तासाला तास उपदेश करतो. मुलाला त्याची टंचाई मुळीच नसते. त्याला टंचाई असते ती आपले बोलणे मध्येच न तोडता, न घाबरता, न हसता ऐकून घेणाऱ्याची. ऐकून घ्यायचे, ऐकलेले नीट समजले की नाही ते त्यालाच विचारायचे, त्याच्या मनात गुंतलेले दोन-चार धागे त्याच्याच हातून सुटे करवायचे, आणि हे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे दिसले तर वेळेवर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे, असे हे काम आहे. औषध लिहून देणे त्याच्याकडे नाही. तो डॉक्टरांचा अधिकार.

आणि आपल्याकडचा विद्यार्थी ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही, बरं का! तो म्हणतो, ‘सर, डोकं जड होतंय.’ मुलगी म्हणते, ‘छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही, जीव घाबरा होतो.’ वाचलेले डोक्यात राहत नाही, जेवण जात नाही, पोटात कालवतं. आमच्याकडे मनाची तक्रार शरीराची वाट धरून येते. मग कोणी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतो, कोणी अंगारा आणतो, कोणी म्हणतो मोबाईल काढून घ्या. अक्कलकोटच्या बाजूची मुलगी घरी कानडी बोलते, शहराच्या पूर्वभागातला मुलगा तेलुगू बोलतो, त्याची आई विड्या वळता वळता त्याच्याशी तेलुगूतच बोलते. कॉलेजात मराठी, आणि पुस्तक इंग्रजी. रडू मात्र घरच्या भाषेत येते. इंग्रजी पुस्तकातून मन शिकलेल्या माणसाला ‘जीव घाबरा होतो’ या तीन शब्दांत किती प्रकारचे दुःख असू शकते, हे पुस्तक सांगत नाही.

तर मग ते शिकायचे कुठे? इथे पदव्यांचा विचार थोडा स्पष्टपणे केला पाहिजे. मानसशास्त्र घेऊन एम. ए. झालेला मुलगा सिद्धान्त शिकतो, चाचण्या शिकतो, काही आठवडे प्रात्यक्षिक करतो. पीएच. डी. ही आपल्याकडे संशोधनाची पदवी आहे. तीनशे विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या वाटायच्या, उत्तरांचे गुण मोजायचे, कोष्टके करायची आणि प्रबंध लिहायचा. हे काम हलके आहे असे मी म्हणत नाही. पण ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे समायोजन’ या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टर झालेला माणूस एकाही रडणाऱ्या मुलासमोर कधी बसलेला नसू शकतो. पोहण्यावर प्रबंध लिहिणे वेगळे आणि सिद्धेश्वर तलावात उडी मारणे वेगळे.

चिकित्सा मानसशास्त्रात दोन वर्षांचा एम. फिल.चा अभ्यासक्रम आपल्याकडे बरीच वर्षे चालला. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागे, आणि त्यात रुग्णालयात ज्येष्ठांच्या हाताखाली काम करावे लागे. बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत, जी पुढे निम्हान्स झाली, हे शिक्षण १९५५ पासून पदविकेच्या रूपाने सुरू झाले. ही चांगली तालीम खरी, पण ती रुग्णालयातली. आणि त्यातून तयार होणारी माणसे इतकी थोडी, की मोठ्या शहरांतच संपतात. एटीकेटीच्या धास्तीने झोप उडालेला बी. कॉम.चा मुलगा रुग्ण नसतो. त्याला रुग्णालयाची पायरी चढायला लावली तर तो घरीच राहील.

मी ‘तालीम’ म्हणालो. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, ‘उमेदवारी’. निवडणुकीतली उमेदवारी नव्हे, सनद मिळाल्यावर नवा वकील जुन्या वकिलाकडे करतो ती. सोलापूरकरांना ती मागावरून कळेल. पोरगा एकदम मागावर बसत नाही. आधी कांड्या भरतो, तुटलेली तार जोडायला शिकतो, शेजारी जाणता माणूस उभा असतो. चादर बिघडली तर ती त्या जाणत्याची जबाबदारी.

मनाच्या कामात ही उमेदवारी सर्वांत पद्धतशीर बसवली ती अमेरिकेत. तिथल्या प्रिन्स्टन विद्यापीठात १९१० साली विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची पहिली सेवा सुरू झाली. हुशार मुले अभ्यास अर्धा टाकून निघून जातात आणि कारण बुद्धीचे नसून मनाचे असते, हे तिथल्या लोकांच्या ध्यानात आले होते. पुढे मोठ्या विद्यापीठांत समुपदेशन केंद्रे झाली. तिथे मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करू पाहणाऱ्याला मानसशास्त्रात डॉक्टरेट करावी लागते, आणि त्या पदवीच्या आतच एक पूर्ण वर्ष, साधारण दोन हजार तास, देखरेखीखाली काम करावे लागते. एवढे झाल्यावरही बऱ्याच राज्यांत त्याला लगेच परवाना मिळत नाही. डॉक्टर झाल्यानंतर आणखी दीड-दोन हजार तासांची उमेदवारी करावी लागते. मग परीक्षा, मग परवाना. २००६ साली तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने मत दिले की, दोन वर्षांचा अनुभव हवाच, पण तो सगळा पदवीपूर्वी झाला तरी चालेल. तरीही अनेक राज्यांनी पदवीनंतरची अट सोडली नाही.

हे वर्ष कसे जाते ते पाहण्यासारखे आहे. डॉक्टर झालेला माणूस विद्यापीठाच्या केंद्रात रोज विद्यार्थ्यांना भेटतो. एकेक भेट पाऊण तास, पन्नास मिनिटांची. पण आठवड्यातून निदान दोन तास तो स्वतः एका ज्येष्ठासमोर बसतो आणि त्या आठवड्यात काय केले, काय बोललो, कुठे अडलो ते सांगतो. ज्येष्ठ विचारतो, ‘ती मुलगी रडायला लागली तेव्हा तुम्ही विषय का बदलला?’ उत्तर द्यावे लागते. शिवाय रात्रीबेरात्री वसतिगृहातून फोन आला तर काय करायचे, रेक्टरशी आणि प्राध्यापकांशी किती बोलायचे, हेही त्याच वर्षात हाताखालून जाते. आणि एक गंमत पहा, त्याच वर्षात त्याच्याहून नवख्या विद्यार्थ्यावर देखरेख करायलाही तो शिकतो, आणि ती देखरेख बरोबर होते आहे की नाही यावर पुन्हा ज्येष्ठाची देखरेख असते!

सांगणाऱ्याच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न तिथेही आलाच. कार्ल रॉजर्स नावाचे प्राध्यापक ओहायो राज्य विद्यापीठात होते. त्यांनी १९४०च्या सुमारास समुपदेशनाच्या भेटी, विद्यार्थ्याची संमती घेऊन, ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. त्या काळी तबकडीवर मुद्रण होई आणि काही मिनिटांनी तबकडी बदलावी लागे. आमच्या रेडिओकेंद्रातल्या जुन्या मंडळींना तो खटाटोप समजेल. १९४२ साली त्यांनी आपल्या पुस्तकात एका माणसाबरोबरच्या आठही भेटी शब्दशः छापल्या. तोवर बंद दाराआड काय बोलणे होते ते फारसे कोणी ऐकले नव्हते. शिकाऊ मंडळींनी स्वतःचे मुद्रण ऐकले तेव्हा काय झाले असेल? आपण ऐकून घेतो अशी ज्यांची खात्री होती, त्यांना ऐकू आला तो स्वतःचाच आवाज, सल्ला देणारा! मला वाटते, आम्हां शिक्षकांनी एखाद्या मुलाशी झालेले आपले पाच मिनिटांचे बोलणे असे ऐकावे. मुलगा किती बोलला आणि आपण किती, एवढेच मोजावे.

या उमेदवारीत शिकायच्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यांतल्या तीन मला आपल्या दृष्टीने फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली म्हणजे विचारण्याचे धैर्य. मुलाच्या बोलण्यात ‘सगळं संपवावं वाटतं’ असे आले तर आपण चटकन म्हणतो, ‘छे, असं बोलू नये.’ दार बंद झाले! शिकलेला माणूस शांतपणे विचारतो, ‘जीव द्यावासा वाटतो का? कधीपासून? काही ठरवलं आहेस का?’ विचारल्याने नसलेला विचार मनात येईल ही भीती खोटी आहे. संशोधनात तसे आढळलेले नाही. उलट, कोणीतरी विचारले म्हणून जीव हलका झाल्याचे मुले सांगतात. विचारून झाल्यावर तो मुलाच्याच हाताने एक कागद लिहवतो: मन बिघडायला लागले की पहिली खूण कोणती दिसते, तेव्हा स्वतः काय करायचे, कोणाकडे जाऊन बसायचे, कोणाला फोन करायचा, कोणता डॉक्टर. आणि घरच्यांच्या मदतीने जवळपासची धोक्याची वस्तू दूर करायची. शेतकऱ्याच्या घरी याचा अर्थ फवारणीची औषधे घरात न ठेवता दुसरीकडे, कुलपात ठेवणे. वाईट विचाराची लाट बहुधा फार वेळ टिकत नाही. ती ओसरेपर्यंत हाताशी काही नसले, तरी पुष्कळदा जीव वाचतो.

दुसरी, गुपिताची मर्यादा. समजा, माढ्याकडचा एक मुलगा आहे. आप्पांनी म्हैस विकून फी भरली. मुलाचे दोन विषय राहिले आहेत आणि घरी तो ‘सगळं चांगलं चाललंय’ म्हणून सांगतो. तो समुपदेशकाकडे येऊन हे बोलतो. दुसऱ्या दिवशी आप्पा कॉलेजात येतात, हात जोडून विचारतात, ‘सायेब, पोरगं काय बोललं तुमच्यापाशी?’ काय सांगायचे? बापाचा हक्क नाही असे कोण म्हणेल? पण सांगितले तर मुलगा पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकणार नाही, आणि त्याच्या पाठीमागे आणखी दहा येणार नाहीत. इथे नियम असा की जिवाला धोका नसेल तर बोलणे खोलीबाहेर जात नाही. धोका असेल तर जाते, आणि हे मुलाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचे. नियम एका ओळीचा आहे. पण समोर बसलेल्या आप्पांचा मान राखून, त्यांना रिकाम्या हाताने न पाठवता, हा नियम पाळणे आणि पुढे मुलालाच धीर देऊन त्याच्या तोंडून त्यांना सांगवणे, हे कोणीतरी करून दाखवल्याशिवाय येत नाही. प्राचार्यांनी विचारले तर त्याहून कठीण, कारण पगार त्यांच्या सहीने होतो!

तिसरी, आपली हद्द ओळखणे. कानात आवाज येतात, कोणी माझ्यावर पाळत ठेवतो, असे मुलगा सांगू लागला किंवा रात्रंदिवस झोपेवाचून बोलतच राहिला, तर ते गप्पांचे काम नाही. त्याला शासकीय रुग्णालयात मनोविकार विभागात नेले पाहिजे. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, त्यासाठी जाता येते. अर्धवट शिकलेला माणूस अशा वेळी ‘मी बघतो’ म्हणतो, आणि वेळ जातो.

कोणी म्हणेल, अमेरिकेत पैसा आहे, ज्येष्ठ आहेत. सोलापुरात कुठून आणायचे? याचे उत्तर मला मुंबईच्या एका मराठी मानसशास्त्रज्ञाच्या उदाहरणात सापडते. कि. मो. फडके हे त्यांचे नाव. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी एक उपचारपद्धती काढली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. घटनेपेक्षा घटनेबद्दलची आपली हट्टी समजूत माणसाला अधिक छळते, असे तिचे सूत्र. मराठीत तो हट्ट एका अक्षरात सापडतो. ‘मला पहिला वर्ग मिळावा’ ही इच्छा झाली. ‘मला पहिला वर्ग मिळालाच पाहिजे’ यातला ‘च’ झोप उडवतो. तर फडक्यांनी १९६८ साली एलिस यांना पत्र लिहिले. शंका विचारल्या, उत्तरे आली, पुन्हा शंका. हा पत्रव्यवहार २००४ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षे चालला. पत्रांतून शिकत शिकत फडके एलिस यांच्या संस्थेचे फेलो आणि देखरेखीचा अधिकार असलेले पहिले भारतीय झाले, आणि मुंबईत त्यांनी पुढच्या पिढीला ती पद्धत शिकवली. पत्र जायला-यायला आठवडे लागत, तरी ही उमेदवारी झाली; कारण शिकणारा आपले काम उघडे करून दाखवायला तयार होता आणि दाखवायला एक ठरलेला ज्येष्ठ होता.

आज तर फोनवर माणूस समोर दिसतो. बार्शीच्या कॉलेजातला नवा समुपदेशक दर आठवड्याला तासभर ठाण्या-पुण्याच्या एखाद्या अनुभवी माणसापुढे, विद्यार्थ्याचे नाव-गाव झाकून, आपल्या अडचणी मांडू शकतो. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेसारख्या संस्थांमुळे मराठीत हे काम करणारी ज्येष्ठ मंडळी आता आहेत. तालुक्यातल्या चार-पाच कॉलेजांनी मिळून अशा एका ज्येष्ठाचे मानधन दिले तर प्रत्येकावर फार बोजा पडणार नाही. रंगीत पत्रके आणि उद्घाटनाचे हार यांवर त्याहून जास्त जाते.

मला भीती आहे ती निराळीच. निकालाची पूर्तता करायची म्हणून एखाद्या मराठीच्या किंवा मानसशास्त्राच्या प्राध्यापकाला तीन दिवसांच्या शिबिराला धाडायचे, प्रमाणपत्र आणायचे, आणि दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लावायची. खोली नेमकी ऑफिससमोर, म्हणजे कोण जातो ते सगळ्यांना दिसावे! शिबिरे वाईट नाहीत. निकालातच अशी सूचना आहे की सर्व शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा, जाणत्या माणसांकडून, प्रथमोपचाराइतके शिक्षण द्यावे: धोक्याची खूण ओळखणे, धीर देणे, योग्य ठिकाणी पाठवणे. शिपायालाही ते द्यावे, कारण एखादा मुलगा आठ दिवस पायरीवर एकटाच बसतो हे त्याला सर्वांआधी दिसते. पण प्रथमोपचार शिकलेला माणूस शस्त्रक्रिया करीत नाही. त्याचे काम पोहोचवण्याचे.

सल्ला देण्याच्या धंद्याला आपल्याकडे आजवर फारसा लगाम नव्हता. कोणीही पाटी लावावी. २०२१ साली आरोग्यसेवेतल्या इतर व्यवसायांसाठी जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात समुपदेशकांचाही समावेश आहे. त्याची घडी बसेपर्यंत संस्थाचालकांनी, आणि मुलाखतीला बसणाऱ्या शिक्षकांनी, उमेदवाराला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पदव्या तर कागदावर दिसतातच. विचारायचे ते असे: आपण कोणाच्या हाताखाली आणि किती काळ विद्यार्थ्यांबरोबर बसलात? आणि इथे आल्यावर अडचण पडली तर आपण दर आठवड्याला कोणाला विचारणार आहात? पहिल्याचे उत्तर थोडे कमी पडले तरी चालेल, तरुण माणूस आहे, शिकेल. दुसऱ्याचे उत्तर ‘मला गरज नाही’ असे आले, तर मात्र दुसरा उमेदवार पाहावा.

खुर्ची भरेपर्यंत खेड्यातल्या आई-बापांनी आणि गुरुजींनी एक क्रमांक लिहून ठेवावा: १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेली ‘टेलि-मानस’ नावाची ही सेवा आहे. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, रात्री-अपरात्रीही उचलतात. मुलाने स्वतःच फोन करावा असे नाही. त्याच्याबद्दल काळजी वाटणाऱ्यानेही करावा. आणि आणखी एक शंका गावात हमखास निघते, म्हणून सांगतो. कोणी जीव देण्याचा प्रयत्न केला आणि वाचला, तर पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच धरायचे आणि त्यासाठी त्याच्यावर खटला चालवायचा नाही असे ठरवले आहे. त्याची काळजी घेणे आणि उपचार करणे ही सरकारची जबाबदारी आहे, असेही त्यात लिहिले आहे.